टाकीपाशीचा कोन

३ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच करणार होतो, पण मागच्या वेळी मी "आत्या, कशी आहेस?" विचारलं नि तू "पंचवीस मीटर, हिरवं" असं उत्तर दिलंस. कारखान्यातल्या शिलाईयंत्रांनी तुझे कान पार खाल्लेत. शिवाय "लेखी माप नाही तर कात्री नाही" हा तुझा नियम मी विसरलेलो नाही.

तर माप पाठवतोय. बाबांनी शिकवणीवर्गाची नोकरी सोडली. तिथल्या संचालकांचं नि त्यांचं पटेना. आता शाळांना सुट्ट्या लागल्या की ते आपल्याच अंगणात भूमितीचा वर्ग काढणार आहेत. गल्लीतल्या पाचसहा पोरांच्या आईवडिलांनी हो म्हटलंय. बाबांनी फळा रंगवून घेतला, बाकं मिळवली, अडचण फक्त उन्हाची आहे. म्हणून तुझ्याकडून तीन टोकांचं कापडी छत हवंय. एक टोक घराच्या भिंतीतल्या कडीला, दुसरं पाण्याच्या टाकीच्या खांबाला, तिसरं फाटकाच्या खांबाला बांधायचं.

भिंत ते टाकी चार मीटर. टाकी ते फाटक तीन. फाटक ते भिंत आठ. मी स्वतः मोजलंय.

रंग कुठलाही चालेल, फक्त फळ्यावर झगमगाट नको, असं बाबा म्हणतात. वर्गाचं त्यांनी फार मनावर घेतलंय, तेव्हा उशीर करू नकोस.

तुझा भाचा


८ मार्च

शहाण्या,

तुझं माप मी कारखान्याच्या भिंतीवर चिकटवलंय. येणारा-जाणारा वाचतो नि हसतो. कापड बेतणारी बाई तर इतकी हसली की तिच्या हातातला खडू मोडला.

तीन नि चार किती रे? सात. म्हणजे भिंतीपासून टाकीवरून वळसा घालून फाटकाशी गेलं तर सात मीटर, नि सरळ नाकासमोर गेलं तर आठ? मग तुमच्या गल्लीत सरळ जातं तरी कोण? मांजर दुधाकडे जाताना वळसा घालत नाही. शाळेत न जाता त्याला कळतं, की त्रिकोणाच्या कुठल्याही दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा जास्तच भरतात. तुझ्या मापाचं छत शिवायचं तर टाकी नि फाटक दोघांनी एकेक पाऊल पुढे यायला हवं. त्यांना विचारून कळव.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अरे, तुझ्या बापाने जन्मभर भूमिती शिकवली! मी शाळेत असताना त्याने जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर तीन काड्या टाकल्या होत्या. दोन आखूड, एक लांब. म्हणाला, त्रिकोण कर, त्याशिवाय उठायचं नाही. मी मांडतेय, मोडतेय, टोकं काही जुळेनात. शेवटी रडकुंडीला येऊन ओरडले, "जुळणारच नाहीत, गाढवा!" तेव्हा कुठे हसला नि म्हणाला, "कात्री, आता तुला त्रिकोण कळला." माझं तोंड चालतं म्हणून मला कात्री म्हणायचा. त्याच्या पोटी तू! दिवसभर चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांची मापं घेतोस म्हणे. तुझी गिऱ्हाइकं लंगडत असतील.

संचालकाशी दादाचं पटलं नाही हे बरंच झालं. ते शिकवणीवर्ग म्हणजे पोरांना उत्तरं पाठ करायला लावायचे कोंडवाडे. दादासारख्या माणसाने तिथे पाय ठेवला हीच चूक.

पुन्हा मोज. आणि हा कागद बापाला दाखवू नकोस, त्याचं काळीज फाटेल.

आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,

तुझं पत्र मिळालं. गाढव, ठोंब्या, आणखी काय लिहायचं राहिलंय ते पुढच्या पत्रात घाल, मी सगळं ऐकून घेईन. चूक माझीच. टेप मध्येच कुठेतरी पिळला असेल.

या वेळी बाजू मोजल्याच नाहीत. बाजूंपेक्षा कोन बरे, कोन कळले की त्रिकोण कळला, असं माझं मत झालंय. फळ्यावर वापरायचा बाबांचा मोठा लाकडी कोनमापक नि दोरी घेऊन तिन्ही कोपऱ्यांत नीट मोजले. शहात्तर, अठ्ठावन्न, शेहेचाळीस. बेरीज करून बघ. दहादा केलेली आहे.

बाबा मजेत आहेत. सकाळी अंगणात बाकं मांडतात, संध्याकाळी परत हलवतात. पोरं वाटेत भेटली की त्यांना "वर्गाला येणार ना?" म्हणून दटावतात. छत कधी येतंय, असं मला दिवसातून तीनचारदा विचारतात.

तुझा भाचा


१७ मार्च

मत झालंय म्हणे! उचलली जीभ नि लावली टाळ्याला. तुला मत कधीपासून व्हायला लागलं?

बेरीज एकशे ऐंशी आली. अभिनंदन. गावात साखर वाट. कुठल्याही त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज तेवढीच येते, त्यात तू काय दिवे लावलेस? माझ्या हातरुमालाचा कोपरा दुमडला तरी तेवढीच येते. बेरीज जमली म्हणून नाचू नकोस.

आता डोकं असेल तर वापर. शहात्तर, अठ्ठावन्न, शेहेचाळीस या कोनांचा त्रिकोण मी तुझ्या नखाएवढा कापू शकते नि अख्ख्या गल्लीवर पसरेल एवढाही कापू शकते. आकार तोच, अंगण मात्र वेगळं. कोन सांगतात तो कसा दिसतो, किती मोठा ते सांगत नाहीत. गिऱ्हाईक दुकानात येऊन "मला पायाच्या आकाराची चप्पल द्या" म्हणालं, तर तू त्याला काय देशील?

आणि कुठला कोन कुठल्या कोपऱ्यातला? तेही गुलदस्त्यात. छताच्या प्रत्येक टोकाला दुहेरी कापड लावून कडी ठोकावी लागते, ते ठिगळ त्या त्या कोनाचं कापतात. टाकीचं ठिगळ भिंतीला लावलं तर पहिल्या वाऱ्याला छत फाटून पोरांच्या डोक्यावर येईल. तुला हसू येत असेल, पण लोकं माझ्या कापडाखाली लेकरं बसवतात.

दादाचा कोनमापक घेतलास तो त्याला विचारून घेतलास ना? त्याच्या वस्तूला हात लावलेला त्याला खपत नाही. त्याच्याच हाती टेप दिला असतास तर एव्हाना छत टांगून झालं असतं. पण नाही, तू शहाणा ना!

तीन बाजू, तीन कोन, नि कुठला कुठे ते. शेवटचं सांगतेय.

आत्या


२४ मार्च

ती. आत्यास,

उशीर झाला, माफ कर. नीट मोजून व्हावं म्हणून वेळ घेतला.

भिंत ते टाकी सहा. टाकी ते फाटक सात. फाटक ते भिंत आठ. सहा नि सात तेरा, आठापेक्षा जास्त, तेव्हा मांजराची तक्रार नसावी.

कोन: भिंतीपाशी अठ्ठावन्न, टाकीपाशी शेहेचाळीस, फाटकापाशी शहात्तर.

आता मात्र कापायला घे. पोरांचे आईबाप विचारायला लागलेत. बाबा रोज नवे कपडे घातल्यासारखे खूश असतात, नि मग एकदम गप्प होतात. छत आलं की बरं वाटेल त्यांना, असं मला वाटतं.

तुझा भाचा


२८ मार्च

हात टेकले तुझ्यापुढे. पालथ्या घड्यावर पाणी!

तुझी सगळ्यात लांब बाजू कुठली? फाटक ते भिंत, आठ. तिच्या समोरचा कोपरा कुठला? टाकी. मग सगळ्यात मोठा कोन टाकीपाशी हवा की नको? दाराचा कोन जेवढा मोठा करशील तेवढी फट रुंद होते, हे तुला दार उघडताना रोज दिसतं. मोठ्या कोनासमोर मोठी बाजू, छोट्यासमोर छोटी. तू मात्र सगळ्यात मोठा कोन फाटकाला दिलास, ज्याच्या समोर सगळ्यात छोटी बाजू आहे, सहाची. आणि टाकीला उरलासुरला शेहेचाळीस टाकलास.

आकडे बनवलेले म्हणावेत तर तसंही नाही. मी कागदावर काढून पाहिलं. सहा, सात, आठच्या त्रिकोणाचे कोन हेच येतात, अंशाचा फरकही नाही. म्हणजे मोजलेस बरोबर नि लिहिलेस भलतीकडे. टाकीपाशी उभा राहून फाटक लिहिलंस! स्वतःच्या घराचं फाटक माणसाला ओळखता येऊ नये? नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. उभं कुठे आहोत तेच कळेना, ही तऱ्हा पहिल्यांदाच पाहिली.

मी सरळ दुरुस्त करून कापू शकते. पण नाही कापणार. जो टाकीला फाटक म्हणतो त्याच्या सहा-सात-आठवर मी विश्वास ठेवू कशी? आता मी दादालाच लिहिते. या तिन्ही चिठ्ठ्या त्याला पाठवते, नि विचारते, की हे कसलं गाढव पाळलंयस घरात? त्याने उठावं, तुझे कान उपटावे नि स्वतः मोजून मला कळवावं.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

त्यांना लिहू नकोस. पाया पडतो.

मी मोजलं नव्हतं. एकदाही नाही. तिन्ही वेळा बाबांनी मोजलं, मी फक्त कागदावर उतरवलं नि खाली माझं नाव घातलं. ते मला टेपला हात लावू देत नव्हते. "माझा वर्ग, माझं अंगण, तू चपला विक," म्हणायचे. मला भूमिती कधीच आली नाही हे तुला माहीत आहे. त्यांनी आकडा सांगितला की तो खरा, असंच मी लहानपणापासून धरत आलो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तूच चुकलीस.

परवा तुझं पत्र वाचून मी त्यांच्याबरोबर अंगणात गेलो. म्हटलं, बाबा, एकदा माझ्यासमोर मोजा. त्यांनी दोरी ताणली, लाकडी कोनमापक लावला, खाली वाकून अंश वाचला. हात जराही हलत नव्हता. आणि टाकीच्या खांबाला टेकून मला म्हणाले, "लिही, फाटक, शहात्तर." टाकीचा नळ त्यांच्या पायावर ठिबकत होता, आत्या.

शिकवणीवर्गाची नोकरी त्यांनी सोडली नाही. त्यांना जायला सांगितलं. एकाच तासात एकच सिद्धता तीनदा केली, नि तिसऱ्यांदा पोरं हसली तेव्हा कशाला हसताय ते त्यांना कळेना. संचालकांनी मला दुकानात येऊन सांगितलं, हळू आवाजात. डॉक्टरही हळू आवाजातच बोलले. हे थांबणारं नाही, वाढत जाणारं आहे म्हणाले. बाबांना आम्ही काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, संचालकच मूर्ख आहे.

तुझ्या सगळ्या शिव्या मी माझ्या अंगावर घेतल्या, आनंदाने घेतल्या. तू "हा कागद बापाला दाखवू नकोस" लिहिलंस, तेव्हा मात्र दुकानाच्या मागे जाऊन रडलो.

छत शीव. वर्गावर त्यांचा सगळा जीव आहे, तो गेला तर ते आत्ताच खचतील. आणि त्यांना लिहायचंच असेल तर चार गोड शब्द लिही. त्यांना कळता कामा नये.

तुझा भाचा


६ एप्रिल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. बऱ्याच दिवसांत तुला पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमस्व.

छताची मापं मिळाली. फारच सुरेख नि व्यवस्थित घेतली आहेत. मध्यंतरी थोडा गोंधळ झाला होता, तो आमच्या बेतणाऱ्या बाईकडून झाला होता, तुमची काहीही चूक नव्हती. कापड निवडलं आहे. फिकट राखाडी, डोळ्यांना त्रास देणार नाही.

वर्ग काढतोयस हे ऐकून आनंद वाटला. पण उन्हाळा कडक आहे. थोडा पुढे ढकललास तरी हरकत नाही. तब्येतीची काळजी घे. विश्रांती घेत जा. मुलाचं ऐकत जा, तो गुणी आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी बहीण


११ एप्रिल

कात्री,

"सप्रेम नमस्कार"? "क्षमस्व"? "लोभ असावा"? तुला ताप आला होता की पत्र कुणाकडून लिहून घेतलंस? तू मला जन्मात कधी "प्रिय" लिहिलेलं नाहीस. पत्र उघडलं, पहिली ओळ वाचली, नि कळलं की पोराने तुला सांगितलं. इतकं गोड लिहायला तुला लाज नाही वाटली?

आता माझं ऐक. सकाळ आहे, चहा झालाय, डोकं ठिकाणावर आहे. अशा वेळा अजून असतात.

तुझी आधीची पत्रं मी वाचली आहेत, तिन्ही. पोरगा ती चपलांच्या रिकाम्या खोक्यात लपवतो. लपवायची अक्कलही नाही. नवे बूट समजून मी खोका उघडला. गाढव कोण ते मला पहिल्याच पत्रात कळलं.

तीन, चार, आठ! मी मोजलेले! ते वाचलं नि खोलीचं दार लावून बसून राहिलो. मग ठरवलं, बाजूंचा भरवसा नाही तर कोन मोजावे. कोनांचं बरं असतं, चुकलो तर बेरीज सांगते. एकशे ऐंशी आली तेव्हा मी अंगणात एकटाच रडलो, कात्री. वाटलं, आहे, अजून आहे. त्यावर तू लिहिलंस, बेरीज जमली म्हणून नाचू नकोस. बरोबर लिहिलंस. मीही हेच लिहिलं असतं.

तुझं तिसरं पत्र मी कितीदा वाचलं ते सांगता येणार नाही, कारण दर वेळी ते पहिल्यांदाच वाचतोय असं वाटायचं. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन. हे मला येतं. झोपेतून उठवून विचार, फळ्याशी उभं करून विचार, सिद्धतेसकट सांगेन. मला येत नाही ते एवढंच, की मी कुठल्या कोपऱ्यात उभा आहे. आणि ज्याला तेवढं येत नाही त्याने पोरांपुढे उभं राहू नये. काल सकाळी मी स्वतः घरोघर गेलो नि वर्ग होणार नाही म्हणून सांगून आलो. दोन घरं चुकलो, तरी सांगितलं. बाकं परत पाठवली. पोराला अजून माहीत नाही. तो बिचारा मला फसवतोय असं त्याला वाटतं, वाटू दे.

वाईट वाटलं. फार वाटलं. ते मी तुला सोडून कुणाला लिहिणार नाही.

पण आता तू तरी सुधार. या घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. सून माझ्या ताटाशी उभी राहते. डॉक्टर माझ्या देखत माझ्या मुलाशी बोलतो, जसा मी खुर्ची आहे. संचालकाने तर निरोप देताना माझा हात दोन्ही हातांत धरला, तो लुच्चा. महिनाभर एकटी तू मला माणसासारखं बोललीस, नि तेही तुला माहीत नसताना. आणि माहीत झाल्याबरोबर तूही त्यांच्यात जाऊन बसलीस.

छत मला हवंय. वर्ग नसला तरी ऊन आहे, नि मी दिवसभर अंगणात बसणार आहे. कारखाना त्या खडू मोडणाऱ्या बाईवर सोपव, टेप घे नि ये. माझ्या मापावर कापू नकोस, पोराच्याही नको. आपण दोघं मोजू. टेपचं एक टोक तू धर, एक मी धरतो.

मी टाकीपाशी उभा राहीन नि म्हणेन, हे फाटक. म्हणणारच. तेव्हा हळूच येऊन माझा दंड धरायचा नाही, मला लहान मुलासारखं वळवायचं नाही. होतीस तिथूनच ओरड, गल्लीला ऐकू जाईल असं ओरड. मी माझ्या पायांनी फाटकापाशी जाईन.

दादा